३०० तास शिकल्यानंतर आलेला नकार

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात पैसे घेऊन दुसऱ्याच्या चेहऱ्याला फेशियल करायचं, भुवया कोरायच्या, वॅक्सिंग किंवा मेकअप करायचा, तर सरकारी परवाना लागतो. फक्त त्वचेचं काम करणाऱ्या ब्यूटिशियनला तिथे एस्थेटिशियन म्हणतात. तिच्यासाठी ३०० तासांचं प्रशिक्षण ठरलेलं आहे. फक्त नखांचं काम करणारीला २०० तास लागतात, आणि केसांसकट सगळी कामं करणाऱ्या कॉस्मेटॉलॉजिस्टला १,२५० तास. तास भरायचे, परीक्षा द्यायची, मग राज्याच्या सौंदर्य-व्यवसाय मंडळाकडे अर्ज करायचा.

दोन स्त्रियांनी प्रशिक्षण पूर्ण केलं, अर्ज केले, आणि दोघींनाही नकार मिळाला. त्यांच्या हातातल्या कौशल्याबद्दल मंडळाची काही तक्रार नव्हती. त्यांच्याकडे ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ नाही, असं कारण देण्यात आलं. दोघींच्याही नावावर जुने गुन्हे होते. पुढे २०१८ मध्ये त्या एकत्र कोर्टात गेल्या आणि २०२० मध्ये जिंकल्या. हे प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो आहे. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला हातात एखादा धंदा घ्यायचा असतो तेव्हा दार नेमकं कुठे आणि कधी बंद होतं, हे त्यात इतकं स्वच्छ दिसतं की दुसरं उदाहरण शोधायची गरज पडू नये. दोघींची नावं कोर्टाच्या कागदपत्रांत आहेत, पण इथे त्यांची गरज नाही.

दोघींचे अर्ज

पहिली तरुणपणी व्यसनात अडकली होती. त्या काळात घरफोडीच्या गुन्ह्यांत तिला शिक्षा झाली आणि ती तुरुंगात गेली. बाहेर आल्यावर व्यसन सोडून तिने हे काम शिकायचं ठरवलं. मंडळाने अर्ज नाकारला तेव्हा तिने सुनावणी मागितली, स्वतः हजर राहिली आणि आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगितलं. तरीही नकार कायम राहिला.

दुसरीचा त्रास दारूचा होता. २०११ ते २०१३ या थोड्या काळात दारू पिऊन गाडी चालवणं, गांजा बाळगणं, नशेत एका सुरक्षारक्षकाशी झालेली झटापट, अशी प्रकरणं तिच्या नावावर जमा झाली. नंतर तिने दारू सोडली. प्रशिक्षण पूर्ण करून तिने अर्ज केला, आपल्या भूतकाळाबद्दल मंडळाला लेखी खुलासाही दिला. २०१६ मध्ये तिलाही तेच उत्तर आलं.

या दोन अर्जांतली एक गोष्ट मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे घटनांचा क्रम. आधी प्रशिक्षणाची फी, मग ३०० तास, मग परीक्षा, मग अर्ज, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न: तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? हे वरातीमागून घोडं आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे तो पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही, आणि अर्जदाराने स्वतःहून मंडळाला विचारलं तर बांधील राहील असं उत्तर द्यायची व्यवस्थाही तेव्हा नव्हती. तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाकडे साठवलेले पैसे नसतात. ज्या कामावर पोट चालतं त्यातूनच वेळ काढून तो शिकतो. अशा माणसाला नकार द्यायचाच असेल तर तो ३०० तासांआधी देणं हे किमान सभ्यपणाचं आहे.

यात आणखी एक विसंगती आहे. राज्याच्या मन्सी इथल्या महिला तुरुंगात सौंदर्य-व्यवसायाचं प्रशिक्षण दिलं जात होतं. म्हणजे राज्याचं एक खातं कैदी स्त्रियांना हा धंदा शिकवत होतं आणि दुसरं खातं चारित्र्याच्या कारणावरून याच धंद्याचा परवाना नाकारू शकत होतं.

चारित्र्य म्हणजे काय

ज्या कायद्याखाली हे नकार दिले गेले तो १९३३ चा आहे. परवाना मागणाऱ्या व्यक्तीचं नैतिक चारित्र्य चांगलं असावं, अशी अट त्यात होती.

मराठीत ‘चारित्र्य’ हा शब्द उच्चारला की, विशेषतः बाईच्या संदर्भात, कानाला काय ऐकू येतं हे आपल्याला ठाऊक आहे. पुरुषाच्या चारित्र्याची चौकशी क्वचित होते आणि बाईची उठता-बसता. इंग्रजी शब्दाचा रोख तंतोतंत तोच नसेल, पण पुढे दिसेल त्याप्रमाणे या कायद्यात ही अट ज्या धंद्यात मुख्यतः बायका आहेत त्याला होती आणि जो परंपरेने पुरुषांचा आहे त्याला नव्हती. हे वाचताना मला आपल्याच शब्दाची आठवण झाली.

शब्द मोघम असला की तो ज्याच्या हातात असेल त्याच्या मनासारखा वाकतो. हे माझ्या पदरचं नाही. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वकिलीच्या उमेदवाराच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं की या शब्दप्रयोगाचा अर्थ विलक्षण संदिग्ध आहे आणि व्याख्या करणाऱ्याचे पूर्वग्रह त्यात उतरू शकतात. त्याच दिवशी न्यू मेक्सिकोतल्या दुसऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं. राज्य एखाद्या व्यवसायासाठी पात्रता ठरवू शकतं, पण त्या पात्रतेचा संबंध ते काम करण्याच्या लायकीशी असला पाहिजे. त्या माणसाला पूर्वी अटका झाल्या होत्या. नुसत्या अटकेवरून माणसाबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही, हेही तिथे स्पष्ट झालं.

पण त्याच न्यायालयाचा याहून जुना, उलट्या दिशेचा निकालही आहे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरचं प्रकरण त्याच्यापुढे आलं होतं. गर्भपाताच्या गुन्ह्यात त्या डॉक्टरला १८७८ मध्ये शिक्षा झाली होती आणि ती त्याने भोगलीही होती. नंतर राज्याने कायदा केला की असा गुन्हा सिद्ध झालेल्याने वैद्यकी करायची नाही. ही दुसरी शिक्षाच झाली, असं डॉक्टरचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. जुना गुन्हा हा चारित्र्याचा पुरावा म्हणून राज्य वापरू शकतं, असं बहुमताने ठरलं. परवाना मंडळांच्या कारभारामागे आजही ही १८९८ ची समजूत उभी आहे: माणसाने एकदा गुन्हा केला की तो कसा आहे ते कळलं.

पेनसिल्वेनियात गुन्ह्यांच्या नोंदींबद्दलचा एक सर्वसाधारण कायदाही होता. त्यानुसार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला मंडळ परवाना नाकारू शकत होतं. गुन्हा किरकोळ वर्गातला असेल, तर त्याचा त्या धंद्याशी संबंध असणं आवश्यक होतं. म्हणजे संबंध दाखवा, हा विचार पुस्तकात होताच. पण चारित्र्याची अट हाताशी असली की ती तसदी घ्यावी लागत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचा भुवया कोरण्याशी काय संबंध, या प्रश्नाला मंडळाकडे उत्तर नसलं तरी चालत होतं.

शेजारच्या खुर्चीतला न्हावी

दोघींच्या वतीने इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या ना-नफा तत्त्वावर खटले लढवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये दावा दाखल केला. दावा राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टात होता आणि आधार राज्याच्या स्वतःच्या घटनेचा होता. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. आर्थिक स्वरूपाच्या निर्बंधांकडे अमेरिकेची केंद्रीय न्यायालयं फार सैलपणे पाहतात. काहीतरी कारण कल्पून काढता आलं तरी कायदा टिकतो. पेनसिल्वेनियाची न्यायालयं मात्र निदान १९५४ पासून म्हणत आली आहेत की माणसाच्या धंदा करण्याच्या हक्कावर बंधन घालायचं, तर त्या बंधनाचा त्याच्या हेतूशी खरा आणि भरीव संबंध हवा. याच कसोटीवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांत जुना गुन्हा असलेल्यांना घातलेली नोकरीबंदी त्या अर्जदारांपुरती घटनाबाह्य ठरवली होती. त्यांतले काही जण वर्षानुवर्षं तेच काम चोख करत आले होते.

आता तुलना. पेनसिल्वेनियात न्हाव्यांसाठी वेगळा कायदा आहे, १९३१ चा. त्यात चांगल्या नैतिक चारित्र्याची अट नव्हती.

हे डोळ्यांसमोर आणून पाहा. एका दुकानात खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यावर न्हावी वस्तरा फिरवतो. बाजूच्या दुकानात एक बाई दुसऱ्या बाईच्या गालांना क्रीम लावते. राज्याच्या लेखी चारित्र्य तपासायला हवं ते क्रीम लावणारीचं.

अटीच्या बाजूने प्रामाणिकपणे काय म्हणता येईल, याचाही मी विचार केला. फेशियलला आलेली बाई डोळे मिटून पडलेली असते, पर्स बाजूला असते. चोरीचा गुन्हा असलेल्या व्यक्तीबद्दल तिच्या मनात भीती असणं साहजिक आहे, आणि ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण न्हाव्याच्या दुकानातही कोट खुंटीला लटकतो. शिवाय त्याच पार्लरमध्ये गल्ल्यावर बसून पैसे आणि बँकेची कार्डं हाताळणाऱ्या व्यक्तीला कसलाही परवाना लागत नाही. चोरीची भीती हेच कारण असतं, तर अट तिथे आधी लागली असती. आणि सुरक्षारक्षकाशी झटापट केलेल्या दुसरीला तर हे कारणही लागू पडत नाही.

२५ ऑगस्ट २०२० रोजी निकाल आला. न्हाव्यांशी केलेली तुलना न्यायालयाला पटली. जवळपास सारखीच कामं, सारखीच जागा, सारखाच गिऱ्हाइकांशी संपर्क, आणि तरी एकाच गटावर अट. राज्याच्या घटनेपुढे ती टिकली नाही, आणि मंडळाला ती लागू करायला मनाई झाली.

निकाल आनंदाचाच आहे, पण तो कशामुळे लागला याकडेही पाहायला हवं. जुना गुन्हा असलेल्याला परवाना मिळालाच पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं नाही. एका धंद्याला लावलेली अट शेजारच्या धंद्याला नाही, या विसंगतीने मोठं काम केलं. दुसऱ्या राज्यात न्हावी आणि ब्यूटिशियन दोघांनाही चारित्र्याची अट असेल, तर हाच युक्तिवाद तिथे इतक्या जोराने चालणार नाही. तिथे ‘या गुन्ह्याचा या कामाशी काय संबंध’ हा मूळ प्रश्नच लढवावा लागेल.

किती वर्षं पुरेशी

संबंधाइतकाच काळाचा प्रश्न आहे. गुन्हा होऊन किती वर्षं गेली की तो माणूस इतरांसारखा मानायचा? मंडळांकडे याचं उत्तर नव्हतं, पण पेनसिल्वेनियातच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते शोधण्याचा गंभीर प्रयत्न झाला होता. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदी घेतल्या आणि पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं. जो पुन्हा अटक न होता राहतो, त्याची नव्याने अटक होण्याची शक्यता वर्षागणिक घटत जाते, आणि एका टप्प्यावर ती त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १८ व्या वर्षी पहिली अटक झालेल्यांसाठी हा टप्पा जबरी चोरीच्या बाबतीत सुमारे ७.७ वर्षं, गंभीर मारहाणीच्या बाबतीत सुमारे ४.३ वर्षं आणि घरफोडीच्या बाबतीत सुमारे ३.८ वर्षं निघाला.

हे आकडे पहिल्या अटकेचे आहेत. एकाहून अधिक प्रकरणं असलेल्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्यामुळे आपल्या दोन अर्जदारांबद्दल यावरून थेट निवाडा करता येणार नाही. पण मंडळाने ‘चारित्र्य’ असा शब्द वापरला की काळ थांबल्यासारखा होतो, आणि हे संशोधन दाखवतं की तो थांबत नाही. धोका मोजता येतो आणि तो कमी होत जातो. अठराव्या वर्षी केलेली घरफोडी तिशीतल्या बाईबद्दल फार थोडं सांगते.

राज्याने ही गोष्ट दुसऱ्या एका ठिकाणी मान्यही केली होती. २०१८ मध्ये पेनसिल्वेनियाने ठरावीक काळ स्वच्छ राहिलेल्यांच्या काही हलक्या गुन्ह्यांच्या नोंदी आपोआप सीलबंद करणारा कायदा केला. आपोआप होणाऱ्या या व्यवस्थेत ते अमेरिकेतलं पहिलं राज्य होतं. मात्र घरफोडीसारखा गंभीर वर्गातला गुन्हा त्यात बसत नव्हता, म्हणून पहिल्या अर्जदाराला त्याचा आधार नव्हता.

नवा कायदा आणि त्यातली फट

खटला चालू असतानाच विधिमंडळही हललं. १ जुलै २०२० रोजी राज्यपाल टॉम वुल्फ यांनी व्यवसाय-परवान्यांमध्ये गुन्हेगारी नोंद कशी वापरायची याबद्दलच्या नव्या कायद्यावर सही केली. २८ डिसेंबर २०२० पासून तो लागू झाला. न्यायालयाचा निकाल या दोन तारखांच्या मधे आला.

या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मंडळांना यादी करावी लागते. आमच्या व्यवसायाशी थेट संबंध असलेले गुन्हे कोणते, हे प्रत्येक मंडळाने आधी जाहीर करायचं. गुन्हा यादीत असेल, तर अर्जदाराला परवाना देणं धोक्याचं आहे असं गृहीत धरलं जातं, पण ते खोडून काढायची संधी त्याला मिळते. गुन्हा यादीत नसेल, तर परवाना दिल्याने लोकांना खरोखर धोका आहे का, हे मंडळाला त्या व्यक्तीपुरतं तपासावं लागतं. गुन्ह्याच्या वेळचं वय, नेमकं काय घडलं, मधे किती वर्षं गेली, त्यानंतर काय शिकली, कुठे काम केलं, तिच्याबद्दल खात्रीने कोण सांगतं, या गोष्टी विचारात घ्यायच्या. मोघम नैतिक शब्दांच्या आधारावर नकार देण्याला आळा बसला. न्हावी आणि सौंदर्य-व्यवसायासाठी, एरवी नकार मिळाला असता अशांना मर्यादित परवाना देण्याचीही सोय झाली.

आणि क्रमाचा प्रश्न? त्यावरही उपाय आला. आता प्रशिक्षणाला नाव घालण्याआधी मंडळाला लिहून विचारता येतं की माझा अमुक गुन्हा तुमच्या यादीत बसतो का.

हा उपाय मला खूप मोठा वाटतो, आणि तरी अपुरा. उत्तर ‘नाही’ आलं, तर माणूस बऱ्याच निर्धास्तपणे फी भरू शकतो. उत्तर ‘हो’ आलं, तर मात्र त्याला एवढंच कळतं की लढावं लागेल. त्या लढाईचा निकाल पूर्ण अर्जानंतरच, म्हणजे तास भरून झाल्यावरच, लागतो. ज्याची केस सगळ्यात अवघड त्याला सगळ्यात जास्त अनिश्चितता, ही फट राहिलीच आहे. मंडळाने व्यक्तिगत तपासणीही आधीच करून द्यावी आणि पुढे नवा गुन्हा घडला नाही तर तेच उत्तर बांधील मानावं, असं मला वाटतं. कामाचा बोजा वाढेल हे खरं, पण आज तो बोजा अर्जदार आपल्या पदरच्या पैशांनी उचलतो आहे.

अशा परिस्थितीतल्या व्यक्तीने आता काय करावं, हे या प्रकरणातून बऱ्यापैकी स्पष्ट होतं. आपल्या नावावर नेमकं काय नोंदलं आहे ते आधी राज्य पोलिसांच्या अभिलेखातून मिळवायचं. आठवणीवर भिस्त ठेवायची नाही, कारण आरोप एका कलमाचा आणि शिक्षा दुसऱ्याची असं वारंवार असतं, आणि मंडळ पाहतं ते शिक्षेचं कलम. अर्जात काहीही लपवायचं नाही. लपवलेली गोष्ट सापडली की जुन्या गुन्ह्याबरोबर आजचा खोटेपणाही नावावर चढतो, आणि त्याला काळाचं औषध नाही. मंडळाला लिहायचा खुलासा पश्चात्तापाच्या शब्दांनी भरण्यापेक्षा तारखांनी भरावा: व्यसन कधी सुटलं, शिक्षा कधी संपली, कामाला कधी लागले, कोणाच्या हाताखाली, किती दिवस. आणि नकार आला तर सुनावणी मागायचीच. पहिल्या अर्जदाराला सुनावणीतून परवाना मिळाला नाही, पण तिला कोणत्या कारणाने नाकारलं हे त्यातून कागदावर आलं, आणि कोर्टात आव्हान द्यायचं ते कागदावरच्या कारणालाच.

दुसरीला नकार मिळाला २०१६ मध्ये, अट रद्द झाली ऑगस्ट २०२० मध्ये. मधली चार वर्षं, जे काम ती शिकून तयार होती ते करायची तिला परवानगी नव्हती.